खळवाल्या मॅडम

‘इथं’ हा शब्द कुणी मॅडमसमोर एका ठरावीक सुरात उच्चारला, की त्यांची उजवी भुवई वर जायची. “काम चांगलं आहे हो तुमचं, पण इथं कसं होणार?” असं म्हणणारी माणसं त्यांना आयुष्यभर भेटली. काही विद्यापीठात भेटली, काही परिषदांमध्ये, आणि सगळ्यात जास्त आमच्याच स्टाफरूममध्ये. मॅडम शांतपणे विचारायच्या, “इथं म्हणजे कुठं? इथं पाणी वेगळं उकळतं का?” एकदा पुण्याहून आलेल्या एका प्राध्यापकांनी जरा नेटच लावला. म्हणाले, तुमच्याकडं बोअरचं पाणी जड असतं, त्यानं सगळे निकाल बिघडतात. “पाणी शुद्ध करता येतं सर,” मॅडम म्हणाल्या, “बाकीच्या काही गोष्टी नाही करता येत.”

आमचं कॉलेज काष्टीहून एसटीनं अर्ध्या तासावर. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांचा रस्ता, मागं लिंबाच्या बागा. मॅडम तिथं रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मागच्या बाजूच्या एका खोलीत संशोधन करायच्या. तिथं आधी जिमखान्याच्या चटया आणि गोळाफेकीचे गोळे ठेवलेले असायचे. एम.एस्सी. झाल्यावर पीएच.डी.साठी मी त्यांना भेटायला गेले, तेव्हा त्या मार्क विचारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, “दही लावता येतं का?”

मी म्हटलं, येतं.

“मग सांग, विरजण घातल्यावर ते घट्ट कोण करतं? तू ढवळत बसतेस?”

“नाही. आपोआप लागतं.”

“आपोआप. दुधातले कण आपले आपण जुळतात आणि सगळं पाणी त्यांच्या जाळीत अडकून बसतं. आता मोडलेलं दही पुन्हा लागेल?”

“नाही लागणार.”

“आपल्याला मोडलं तरी पुन्हा लागणारं दही करायचंय. आणि ते जखमेत भरायचंय. उद्यापासून ये.”

त्या मोडून पुन्हा लागणाऱ्या दह्याचं शास्त्रीय नाव हायड्रोजेल. आमच्या दोन बाटल्या असायच्या. एकीत कोळंबीच्या सालीपासून काढलेल्या कायटोसनचं द्रावण, दुसरीत डेक्स्ट्रान नावाच्या साखरेच्या लांब साखळ्यांचं, त्यातही त्या साखळ्यांवर आम्ही आल्डिहाइडचे हुकासारखे आकडे बसवलेले. दोन्ही पाण्यासारखी. एकत्र केली की ना तापवायचं, ना ढवळायचं. एका साखळीचे आकडे दुसरीत अडकायचे आणि मिश्रण आपलं आपण थिजायचं. गंमत त्या बंधांची होती. ते सुटायचे आणि पुन्हा जुळायचे. ब्लेडनं जेलचे दोन तुकडे करून शेजारी ठेवले, तर चहा पिऊन येईपर्यंत सांधलेले असायचे. सिरिंजमधून दाबलं की वाहायचं आणि जखमेच्या खाचाखळग्यांत जाऊन परत घट्ट व्हायचं. जेल लागलं की नाही हे पाहायला बाटली उलटी करायची असते. मॅडमना त्याची इतकी सवय झाली होती, की कॅन्टीनमध्ये दह्याची वाटी आली तरी त्या ती आधी तिरकी करून बघायच्या. कॅन्टीनवाल्याला तो अपमान वाटायचा.

बी.एस्सी.च्या पोरांना ते जेल खळीसारखं दिसलं. पूर्वी पाकिटं चिकटवायला घरोघरी करायचे ती खळ. तेव्हापासून त्या ‘खळवाल्या मॅडम’ झाल्या. शिपायापासून बसस्टँडवरच्या रसवंतीवाल्यापर्यंत सगळे मागून तसंच म्हणायचे. कुणीतरी हे त्यांच्या कानावर घातलं. मॅडमनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “खळ म्हणजे दुष्टसुद्धा. तोही अर्थ असू दे. उपयोगी पडेल.”

विद्यार्थ्यांना त्या गावाच्या नावानं हाक मारायच्या. मी पारनेर. माझ्यासोबतचा मुलगा नेवाशाचा, म्हणून तो नेवासा. “पारनेर, बाटल्या धू. नेवासा, लाईट जायच्या आत इन्क्युबेटर बघ.” सुरुवातीला मला ते खटकलं. मग एका परिषदेत पाहिलं, की सगळे आपापल्या मोठमोठ्या संस्थांची नावं सांगताहेत आणि मॅडम आमची ओळख करून देताहेत, “ही पारनेरची, हा नेवाशाचा. जेलचं सगळं मोजमाप हेच दोघं करतात.” त्या दिवसानंतर ती हाक मला आवडायला लागली.

जेलचा ताठपणा मोजायचं यंत्र आमच्याकडं नव्हतं. ते पुण्याला. मॅडम बर्फाच्या डब्यात नमुने घालून लाल एसटीनं निघायच्या, मांडीवर डबा धरून, आणि मला बरोबर घ्यायच्या. एका कंडक्टरला तो डबा फार दिवस खुपत होता. एकदा तिकीट फाडता फाडता त्यानं विचारलंच, “बाई, मासळी हाय का यात? वास न्हाई येत, पर डबा तर मासळीचा दिसतोय.”

“कोळंबीच्या सालीचं आहे,” मॅडम म्हणाल्या.

“मग भरा की तिकीट कोळंबीचं.”

मॅडमनी त्याला शेजारी बसवलं आणि दौंड येईस्तोवर जेल काय आहे, आणि ते शुगरच्या जखमांसाठी कसं आहे, हे समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं. उतरताना डबा खाली द्यायला तो स्वतः आला. “सांभाळून न्या,” म्हणाला. “माज्या आईला पन शुगर हाय.”

मॅडमना चीड होती ती एकाच गोष्टीची. जेलवर कुणी कविता करायला लागलं की त्या उखडायच्या. एका शाळेत त्यांचा सत्कार होता. प्रमुख पाहुणे म्हणाले, मॅडमचं जेल आपल्याला शिकवतं की तुटलेली नातीसुद्धा पुन्हा जुळवता येतात. टाळ्या पडल्या. मॅडम उत्तराला उभ्या राहिल्या. “ही नाती नाहीत, इमाइन बंध आहेत. आम्ल ओतलं की मोडतात. नात्यांचं काय करायचं ते मला माहीत नाही, मी लग्नसुद्धा केलेलं नाही. मुलांनो, पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेत या, तुम्हाला स्वतःच्या हातानं करून बघता येईल.” सत्काराची शाल त्यांनी नंतर इन्क्युबेटरवर घातली. लाईट गेली तर आतली ऊब थोडी टिकावी म्हणून.

जखमांकडं त्या वळल्या त्याचं कारण आमचा मुलूख. साखर कारखान्यांच्या या तालुक्यांत शुगरच्या पेशंटांची कमी नाही. माणसं अनवाणी रानात जातात. पायाला मुंग्या येतात, मग तळपाय बधिर होतात, मग काय टोचलं ते कळत नाही. जखम कळते ती वास यायला लागल्यावर. मॅडम गावोगावच्या दवाखान्यांत जाऊन अशा जखमा बघून आल्या होत्या. आम्हालाही घेऊन गेल्या. पहिल्या दिवशी नेवासा बाहेर जाऊन उलटी करून आला. मॅडमनी त्याला पाणी दिलं आणि परत आत नेलं. “कागदावरची जखम गोल असते,” त्या म्हणाल्या. “ही कशी आहे ते बघून घे. हिच्यात भरायचंय आपल्याला.”

आमचं ताजं जेल चांगलं निघालं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मॅडमच्या ओळखीच्या बाई जिवंत पेशींवर त्याची चाचणी करून द्यायच्या. ताज्या जेलमध्ये पेशी मजेत वाढल्या. पण मॅडम त्यावर थांबल्या नाहीत. औषध कारखान्यातून निघून दुकानात, दुकानातून घरात, घरात कोनाड्यात पडून राहणार. म्हणून त्यांनी बाटल्या भरून कपाटात ठेवल्या आणि जुनं झालेलं जेल पेशींना सोसतं का हे बघायला पाठवलं. तो निकाल यायचा होता. त्याच सुमारास मॅडमच्या वडिलांच्या पायात लिंबाचा काटा मोडला.

अण्णा काष्टीचे. स्वतःच्या हातानं लावलेली लिंबाची बाग, पांढरी टोपी, बोलणं रोखठोक. मॅडमना दहावीनंतर नगरला शिकायला त्यांनी भावकीचा विरोध मोडून पाठवलं होतं. ताठपणा मॅडमनी कुठून आणला हे अण्णांना भेटल्यावर विचारावं लागत नसे. काटा मोडलेला त्यांना कळलाच नाही. कळलं तेव्हा अंगठ्याशेजारची दोन बोटं काळी पडायला लागली होती. मी मॅडमबरोबर घरी गेले तेव्हा ते पडवीत खाटेवर पाय लांब करून बसले होते.

“मंदे,” ते म्हणाले, “तुजी ती खळ आन आता. लाव हितं.”

“नाही अण्णा. तिची अजून परीक्षा चालू आहे. आपण नगरच्या हॉस्पिटलला जाऊ.”

“हास्पिटलात कापत्यात.”

“कापावं लागलं तर कापतील.”

अण्णांनी टोपी काढून खाटेवर आपटली. मग मला म्हणाले, “बघ पोरी. लोकाच्या पोरी बापाला कुठनं कुठनं औषध हुडकून आनत्यात. माज्या पोरीच्या कपाटात औषध हाय आन ती देत न्हाई.”

मॅडम खाली बसल्या, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि डॉक्टरांनी दिलेल्या औषधानं जखम धुतली. नवी पट्टी बांधली. “ते औषध नाही अण्णा. ते औषध झालं की सगळ्यात आधी सांगेन. आत्ता ते बाटलीतलं पाणी आहे, ज्याच्याबद्दल मला अर्धंच माहीत आहे.” परत येताना एसटीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. डोळे भरलेले होते, पण आवाज नेहमीचा. “आधी पेशी, मग प्राणी, मग समितीची परवानगी, मग माणूस. आपल्या माणसासाठी हा क्रम बदलला, तर तो क्रम उरत नाही. कळलं का पारनेर?”

ही गोष्ट संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत पोचली. अध्यक्ष मनानं वाईट नव्हते. त्यांनीच मॅडमना ती जिमखान्याची खोली दिली होती. पण त्यांचा वाढदिवस जवळ आला होता आणि निवडणूकही. कॉलेजच्या मैदानावर मोफत आरोग्य शिबिर ठरलं. अध्यक्षांनी मॅडमना बोलावून घेतलं. मी बरोबर होते, म्हणून ऐकता आलं.

“मॅडम, तुमी आमच्या संस्थेचं भूषण आहात. शिबिरात जाहीर करू, आपल्या मातीतला शोध. तुमी काही करायचं नाही. फक्त स्टेजवर बसायचं.”

“साहेब, जाहीर करण्यासारखं अजून काही नाही.”

“पेपरात छापून आलं की तुमचं.”

“ते ताज्या जेलबद्दल होतं. जुन्याचा निकाल यायचाय.”

“मग ताजंच लावू की.” अध्यक्ष हसले. “तुमच्या वडलांचाच पाय दुखावलाय म्हणे. सुरुवात घरातनंच करू. लोकांचा विश्वास बसंल.”

मॅडम उभ्या राहिल्या. “साहेब, तुम्ही मला खोली दिलीत, मी विसरलेले नाही. पण जेल मी देणार नाही. शिबिराला नाही, वडिलांनाही नाही.”

आम्हाला वाटलं विषय संपला. शिबिराच्या सकाळी मी कॉलेजवर पोचले तर फाटकावर फ्लेक्स. अध्यक्षांचा मोठा फोटो, खाली कोपऱ्यात मॅडमचा ओळखपत्रावरचा फोटो, आणि मधे लिहिलेलं, ‘जखमा भरणारं जेल, आपल्या मातीतला शोध’. प्रयोगशाळेची दुसरी किल्ली प्राचार्यांकडं असायची. आमच्या कपाटातल्या बाटल्या मांडवात, स्टेजवरच्या टेबलावर, हार घालून ठेवलेल्या होत्या. आणि पहिल्या रांगेत, पाय स्टुलावर ठेवून, अण्णा बसले होते. मॅडमच्या भावानं त्यांना गाडीत घालून आणलं होतं. ताई हो म्हणाली, असं त्यानं अण्णांना सांगितलेलं.

मॅडम नेहमीच्या वेळेला आल्या. फ्लेक्स बघितला, मांडव बघितला, अण्णांना बघितलं. अण्णा त्यांच्याकडं बघून हसले. तेवढं हसू मी त्यांच्या तोंडावर त्याआधी पाहिलं नव्हतं. मॅडम सरळ स्टेजवर चढल्या. निवेदक कुणाचंतरी नाव घेत होता. त्याच्या हातून त्यांनी माईक मागून घेतला.

“मी ह्या कॉलेजमध्ये शिकवते. फ्लेक्सवर माझा फोटो आहे. ह्या बाटल्यांमध्ये जे आहे ते मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी बनवलंय. ते औषध नाही. त्याची तपासणी पूर्ण झालेली नाही. कुणीही ते जखमेला लावू नये, आणि कुणी लावायला सांगितलं तर ऐकू नये. समोर माझे वडील बसलेत. त्यांच्या पायाला जखम आहे. त्यांनाही मी हे लावलेलं नाही आणि आज लावणार नाही.”

मांडवात कुजबुज सुरू झाली. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला होता. मागच्या बाजूनं एका म्हातारीनं विचारलं, “मग कवा येनार हे औषध, बाई?”

“माहीत नाही, आजी. येईलच असंही नाही. तोवर रोज झोपताना पायाचे तळवे बघा. दिसत नसेल तर नातवाला बघायला सांगा. अनवाणी फिरू नका. जखम दिसली की लगेच डॉक्टरांकडं जा.”

एवढं बोलून त्यांनी माईक परत दिला. बाटल्यांवरचे हार काढून टेबलावर ठेवले, बाटल्या पर्समध्ये आणि पदरात घेतल्या आणि खाली उतरल्या. अण्णांपाशी येऊन त्यांनी हात पुढं केला. अण्णांनी तो धरला नाही. ते स्वतःच उठले, काठी टेकत मांडवाबाहेर गेले. मॅडम त्यांच्या मागून. त्याच दुपारी त्यांना नगरला दाखल केलं. दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. अण्णा घरी आल्यावरही मॅडमशी बोलेनात. पट्टी त्या बदलायच्या, ते भिंतीकडं तोंड करून बसायचे.

शिक्षा लवकर आली. खोलीची गरज परीक्षा विभागाला असल्याचं निघालं. मॅडमची बदली संस्थेच्या एका खेडेगावातल्या ज्युनियर कॉलेजवर झाली, अकरावी-बारावीला शिकवायला. स्टाफरूममध्ये दोन तट पडले. बरेच जण म्हणाले, काय गरज होती, गप्प बसून पाहिलं असतं तरी चाललं असतं. सामान हलवताना प्राचार्य आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “मॅडम, एकदा साहेबांना भेटा. सॉरी म्हणा. मिटंल सगळं.”

“कशाबद्दल सॉरी म्हणू?” मॅडमनी खरोखरच विचारलं. “तुम्ही सांगा, मी म्हणते.”

प्राचार्यांनी शेजारचं खोकं उचललं आणि बाहेर नेऊन ठेवलं.

जुन्या जेलचा निकाल त्यानंतर आला. पुण्याच्या बाईंनी फोनवर सांगितला. जुन्या जेलमध्ये पेशी मेल्या होत्या. सुटणारे-जुळणारे बंध, ज्यांचं आम्हाला इतकं कौतुक होतं, तेच मुळाशी होते. दिवस जातील तसे काही बंध सुटत होते आणि पुन्हा जुळत नव्हते. मोकळा पडलेला आल्डिहाइडचा आकडा जिवंत पेशींना झोंबत होता. मला वाटलं मॅडमना हायसं वाटेल, बघा मी सांगत होते असं म्हणतील. त्या फोन ठेवून नव्या कॉलेजच्या व्हरांड्यात पायरीवर बसून राहिल्या. म्हणाल्या, “इतकी वर्षं गेली, पारनेर. मला ते चांगलं निघायला हवं होतं.” त्यांच्या तोंडून निराशेचं वाक्य मी तेवढं एकच ऐकलं.

त्याच रविवारी आम्ही काष्टीला गेलो. मॅडमनी अण्णांना निकाल जसाच्या तसा सांगितला. अण्णांनी पहिल्यांदा तोंड वळवलं.

“म्हंजी, तू तवा लावलं आस्तं तर माजा पाय गेला आस्ता?”

“ते माहीत नाही. बाटलीतल्या पेशी मेल्या एवढंच माहीत आहे. तुमच्या पायाचं काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही.”

“हो म्हन की. तुजंच खरं ठरल.”

“हो म्हणता येत नाही अण्णा.”

अण्णांनी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं ते रडताहेत. ते हसत होते. “एवढं शिकवलं म्या हिला,” ते मला म्हणाले, “आन ही शिकून काय आली, तर माहीत न्हाई म्हनायला.” मग आत आवाज दिला, “च्या टाका गं. मंदी आलीय.”

ज्युनियर कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या, स्पिरीटचे दिवे आणि एक तुटका तराजू एवढंच होतं. मॅडमनी तिथं पुन्हा सुरुवात केली. बंधाचा प्रकार बदलला. सुटेल, पण इतक्या सहज नाही असा, आणि आल्डिहाइड मोकळा उरणार नाही असा. सकाळी अकरावीला तास, दुपारी जेल. पीएच.डी.साठी मला पुण्याच्या एका संस्थेत दुसरे मार्गदर्शक मिळवून दिले, म्हणजे तिथली यंत्रं वापरता येतील. नेवासानं मात्र मधेच नोकरी धरली. मॅडम त्याला एक शब्द बोलल्या नाहीत. त्याच्या लग्नाला गेल्या आणि जेवायला पंगतीत बसून आल्या. काही वर्षांनी संस्थेत नवे अध्यक्ष आले. त्यांनी निरोप पाठवला, की सन्मानानं परत बोलावतो, कार्यक्रम ठेवतो. मॅडमनी उलट निरोप दिला, “कार्यक्रम नको. खोली द्या, आणि दुसरी किल्ली माझ्याकडंच राहील.” दोन्ही मिळालं.

नवं जेल आधी पेशींनी सोसलं, ताजं आणि जुनं, दोन्ही. मग प्राण्यांवरच्या चाचण्या झाल्या. मग पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या समितीपुढं कागद गेले, परत आले, पुन्हा गेले. अण्णा तोवर म्हातारपणानं गेले होते, स्वतःच्या घरात, दोन्ही पायांवर चालत फिरत. मॅडम निवृत्त झाल्या. मी तोवर त्याच हॉस्पिटलशी जोडलेल्या संशोधन विभागात होते. पहिल्या पेशंटच्या जखमेत जेल भरलं त्या दिवशी मी त्यांना फोन लावला.

त्या बागेत होत्या. मागं कुठंतरी मोटारीचं पाणी पडत होतं.

“पेशंटला सगळं समजावून सांगितलं होतं का?”

“हो. त्यांच्या भाषेत. दोनदा.”

“नाही म्हणायची मोकळीक होती?”

“होती. दोघंजण नाही म्हणाले.”

“बरं.” मग म्हणाल्या, “निकाल येतील तेव्हा वाईट आधी सांग. चांगलं मागनं सांगितलं तरी चालेल. त्याला घाई नसते.”

त्यांना रक्ताचा आजार झाल्याचं मला त्यानंतर काही महिन्यांनी कळलं, तेही त्यांच्या भावाकडून. भेटायला गेले तर उशीला टेकून बारावीच्या एका मुलीला समीकरणं शिकवत होत्या. मी विचारलं, कळवलं का नाहीत? “कळवून काय केलं असतंस? काम सोडून इथं आली असतीस.” त्या मुलीसमोर त्यांना फार बोलायचं नव्हतं. मला म्हणाल्या, “बस. ही एवढं समीकरण सोडवू दे.” त्या मुलीला ते सुटायला वेळ लागला. मॅडमनी तिला मधे एकदाही उत्तर सांगितलं नाही.

चाचणीचे निकाल हातात आले तेव्हा त्या नव्हत्या. बऱ्याच पेशंटच्या जखमा लवकर भरल्या. काहींना काहीच फरक पडला नाही, आणि एका आजोबांच्या जखमेभोवती पुरळ उठून जेल काढावं लागलं. विभागात बसून आम्ही अहवाल लिहायला घेतला. माझे वरिष्ठ म्हणाले, सुरुवात भरलेल्या जखमांनी करू, लोक पहिलं पानच वाचतात.

“म्हणूनच,” मी म्हटलं, आणि पहिल्या पानावर पहिलं वाक्य त्या आजोबांच्या पुरळाचं लिहिलं. वरिष्ठांनी हरकत घेतली. ती हरकत अजून चालू आहे. वाक्य तिथंच आहे.